मशीनवरची पट्टी

मशीन आलं तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंच नाही, मी ह्यांच्याकडे बघत होते. नाकाला नळी लावली आणि थोड्याच वेळात ह्यांच्या ओठांचा निळसरपणा उतरला, वर चढलेले खांदे खाली आले. कित्येक महिन्यांनी माझा नवरा पाठ टेकून बसला. ऑक्सिजनचं मशीन बसवायला आलेला माणूस म्हणाला, काकू, ह्याच्यावर कपडे-बिपडे टाकू नका, त्याला हवा लागते. मी म्हटलं, त्याला जे लागेल ते देते रे बाबा. तो गेल्यावर मी फडकं घेऊन मशीन पुसायला लागले, आणि समोरच चिकटवलेली निळी पट्टी वाचली. अमुक-अमुक यांच्या स्मरणार्थ.

तळपायाची आग मस्तकात गेली. ते आमच्या मालकाचं नाव होतं.

कुठला मालक, ते सांगते. स्वयंपाकघरातले ओटे असतात ना, गुळगुळीत, चकचकीत, ते कापायचा त्याचा कारखाना. हे उभा जन्म तिथे दगड कापत होते. पाणी मारून कापलं तर धूळ उडत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण पाणी मारलं की वेळ लागतो आणि खाली चिखल होतो, म्हणून मालकाने सगळं कोरडंच कापून घेतलं. शेजारच्या मशीनवरचा माणूस दिसत नसे इतकी धूळ. मालक त्यातून दिवसभर फेऱ्या मारायचा, कोणी दोन मिनिटं टेकलं तर नाही ना हे बघायला. ह्यांना खोकला लागला, मग दम लागला, मग जिना चढवेना. तेव्हा हा गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाला, सिगारेटी ओढल्या असतील, भोगा आता. ह्यांनी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. चहासुद्धा अर्धाच कप पितो हा माणूस! हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो दाखवून सांगितलं की दगडाची धूळ आहे. तो फोटो घेऊन मी मालकाकडे गेले, तर त्याने बसा असंही म्हटलं नाही. हात झटकून मोकळा झाला.

आणि आता त्याचं नाव माझ्या घरात, ह्यांच्या उशाशी!

मी शिवणाची कात्री घेतली आणि पट्टी खरवडायला लागले. चांगली चिवट होती मेली. निम्मं नाव निघालं, निम्मं राहिलं. मशीन उचलून खाली फेकून द्यावंसं वाटत होतं. पण फेकणार कसं? हे त्याच्यावर श्वास घेत होते. मागे वळून बघितलं, तर कधी नव्हे ते दुपारचे गाढ झोपले होते. मी कात्री ठेवून दिली आणि रडले. रागानेच रडले.

हे मशीन आम्हाला प्रतिष्ठानकडून मिळालं होतं. आमच्या भागात ते बरंच जुनं आहे. इथल्याच लोकांनी दिलेले पैसे सांभाळतं आणि इथल्याच गरजूंना देतं. कोणी थोडंथोडकं दिलं तर ते सगळ्यांच्या सामायिक निधीत जातं, आणि मोठी रक्कम दिली तर त्या माणसाच्या नावाचा वेगळा निधी होतो. तिथली एक बाई आमच्याकडे येऊन सगळी चौकशी करून गेली होती. वागायला चांगली, काकू-काका म्हणणारी. माणूस आजारी कशामुळे पडला हे काही तिने विचारलं नाही. ते आम्ही विचारत नाही, गरज बघतो, असं म्हणाली होती. मला तेव्हा ते फार सभ्यपणाचं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्या बाईचा फोन आला, की ज्यांच्या निधीतून मशीन आलं त्या ताईंना तुम्हाला भेटायचंय. मी म्हटलं, येऊ देत. मनात म्हटलं, येच तू.

आली. मालकाची लेक. चांगले कपडे, हातात फळांची पिशवी, जिना चढून आली तरी श्वास जागच्या जागी. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. तिने ह्यांना नमस्कार केला, बरं वाटतंय ना विचारलं, आणि आपण होऊनच सांगत बसली. शेवटची दोन वर्षं बाबांनी अशाच मशीनवर काढली म्हणे. ती रात्र-रात्र त्यांच्याजवळ बसायची, त्यांची तगमग बघवायची नाही, म्हणून ते गेल्यावर तिने त्यांच्या नावाने हा निधी केला, फक्त श्वासाच्या रोग्यांसाठी. बोलता बोलता तिची नजर मशीनवर गेली. अर्धवट खरवडलेलं नाव बघून ती थांबली. मुलाबाळांनी पट्टी ओरबाडली का, असं तिने विचारलं.

मी म्हटलं, मुलं नाहीत आम्हाला, मीच खरवडली. आणि मग जे साठलं होतं ते सगळं ओकले. कोरडं कापणं, सिगारेटी, छातीचा फोटो, सगळं. प्रतिष्ठानच्या बाईचा चेहरा पांढरा पडला. तिला बिचारीला कशाचा पत्ताच नव्हता. लेक मात्र लाल झाली. बाबांनी शेकडो घरांच्या चुली पेटवल्या, म्हणाली. एक माणूस आजारी पडला की मालक वाईट, हे बरं आहे तुमचं. शब्दाने शब्द वाढला. शेवटी ती त्या बाईकडे वळून म्हणाली, ज्याला ह्याची किंमत आहे अशा कोणाला तरी हे मशीन द्या, इथे ठेवू नका.

माझ्या जिभेने ह्यांचा जीव जाणार, एवढंच डोक्यात आलं. मी मशीनच्या आडवी उभी राहिले. आली असती पुढे तर ढकलली असती मी तिला, खोटं कशाला सांगू.

पण प्रतिष्ठानची बाई हलली नाही. शांतपणे तिला म्हणाली, की ताई, निधीला नाव तुमच्या वडिलांचं आहे, पण एकदा दिलेला पैसा तुमचा राहत नाही. तुम्ही सुचवू शकता, ठरवते ती समिती. मशीन इथेच राहील. काकूंना हवं असेल तर सामायिक निधीतलं बिननावाचं मशीन आलं की बदलून देऊ, तोवर हेच. बोलता बोलता तिने पर्समधून काहीतरी बाहेर काढलं होतं, ते परत आत सरकवलं. कोरी करकरीत निळी पट्टी होती. खराब झाली असेल तर बदलावी म्हणून आणली असणार.

लेकीचा पारा उतरेना. दाराशी जाऊन वळली आणि मला म्हणाली, "त्या धुळीने माणसं आजारी पडत असती तर सगळीच पडली असती. अजून एक तरी दाखवा मला. एक."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ह्यांनी हात वर केला. बोलायला लागलं की ह्यांना मध्ये थांबावं लागतं, तसे थांबत थांबत बोलले.

"ताई, तुमचे वडील... ऑफिसात बसायचे नाहीत हो. दिवसभर... आमच्यातच फिरायचे."

मशीनची घरघर तेवढी चालू होती. लेक मशीनकडे बघत राहिली. तो आवाज तिने दोन वर्षं रात्र-रात्र ऐकला होता. मग ती माझ्या शिवणाच्या स्टुलावर बसली, उसवलेल्या कपड्यांवरच. मला तिची दया आली नाही. पण पाणी मी आणून दिलं.

पाणी तिने घेतलं नाही. ह्यांना विचारलं, "आणखी कोण कोण?"

प्रतिष्ठानच्या बाईने पेन काढलं. हे छताकडे बघत बोटं दुमडून मोजू लागले. लंबू, म्हणाले. तो पॉलिशवाला. दोघे भाऊ, दोघंही. मुका, तो गेला. एक हात संपला, दम खायला थांबले, दुसरा हात घेतला. तोही संपला. मग त्यांनी माझा हात ओढून घेतला आणि माझ्या बोटांवर पुढचे मोजायला लागले.