वाऱ्याकडची फळी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. बाकाची नाही, दुकानाच्या दाराचीही नाही. शर्यतीतल्या शिडाच्या होडीची. वाऱ्याने होडी एका अंगाला कलली की मला दुसऱ्या, वाऱ्याकडच्या अंगाने पाण्यावर बाहेर काढतात आणि माझ्या टोकावर माणूस बसवतात. तो बसला म्हणून होडी सरळ राहते. आता सांगा, शीड मोठं की मी?

बोर्ली पंचतनच्या सुताराने मला घडवलं आणि थळच्या अंबाजीने हौसेने आणलं. तेव्हा शर्यतीच्या होड्या किनाऱ्यावर मावत नसत. माझ्यावर पैलवान बसले, पुढारी बसले. मिशीला पीळ देणारा गडी पहिल्याच लाटेला देवाचं नाव कसं घेतो, ते माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलं नसेल. जिंकल्यावर हार मात्र शिडाला.

पुढे इंजिनं आली, पोरं नोकरीला गेली. शर्यतीच्या होड्या उरल्या तीन. नियम असा की तीन सुटल्या तरच शर्यत. यंदा दोन होड्यांची माणसं जमली. आमच्या होडीचीच जमेनात. माझ्यावर बसणारा बाळाराम गुडघे धरून घरी बसला होता. एकदा मोडलेली शर्यत पुन्हा भरत नाही, हे अंबाजी जाणून होता.

सत्तरीतला हा माणूस मग पोरं गोळा करत हिंडला. रेवसच्या धक्क्यावर उभा राहिला, कॉलेजच्या फाटकाशी उभा राहिला. किनाऱ्यावर आणून वडापाव खाऊ घातले. वडापाव संपले, पोरं टिकली नाहीत. टिकतील कशी? नव्या माणसाला पहिल्या दिवशी फळीवरून पाण्यात लोटायचं, ही अंबाजीची जुनी रीत. पाहुण्याला बोलवायचं आणि ढकलायचं! शाळेतली नवी शिक्षिका दीक्षा तेवढी नाकातलं पाणी शिंकरत म्हणाली, “काका, परत एकदा.” ती शिडाची दोरी शिकली. पण अंगाने काडी, फळीवर चालेना.

शर्यतीच्या सकाळी, फळीवर बसायला कसाबसा कबूल झालेल्या एकुलत्या पोराचा, स्वप्निलचा, फोन आला. “काका, आई नको म्हणते.”

अंबाजी वाळूत मटकन बसला. त्याची बायको सोनाबाई चहा घेऊन आली होती.

“कसला मानूस पायजे तुमाला?”

“वजनदार. घट्ट बसनारा.”

“मंग माझ्यात काय कमी हाय?”

“तू? लुगड्यात?”

“मंग काय, तुमची विजार घालू?”

तिने कासोटा खोचला, तरंगायचं जाकीट चढवलं आणि माझ्यावर बसली. मित्रांनो, इतकी पक्की बैठक मी कधी अनुभवली नव्हती.

दीक्षा हळूच म्हणाली, “काकू, पहिल्या दिवशी पाण्यात लोटायची रीत आहे.”

सोनाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. “हात लावून तर दाखवा.”

रीत तिथेच संपली.

तीन होड्या सुटल्या. मध्यावर वारा चढला, होडी कलली. अंबाजी सुकाणूवरून ओरडला, “बाहेर सरक! आनखी!”

“सरकले! आता बोंबलू नका, समोर बघा!”

ती अगदी टोकाला, खाली नुसता समुद्र. आणि होडी सरळ झाली. आम्ही तिसरे आलो. चौथी होडी नव्हतीच. पण शर्यत झाली, आणि अंबाजी पहिला आल्यासारखा उतरला. मीही छाती असती तर फुगवली असती.

किनाऱ्यावर शेजारची मनुबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. “सोने, तू बसतेस तर मी का नाय?” तिच्या मागे आणखी बायका. अंबाजी महिनोन्महिने धक्क्यावर जे शोधत होता, ते त्याच्याच आळीत पाणी भरत होतं. त्याच्या पुढच्या रविवारपासून माझ्यावर बसण्यावरून भांडणं लागतात.

म्हणून मित्रांनो, मला वर्षातून दोनदा तेल पाजा, उन्हात टाकून देऊ नका. आणि भरती बघून एखाद्या रविवारी थळला या. पोहता येत नसेल तर आधी दीक्षाबाईंना सांगा, त्या शिकवतात. कुणी लोटणार नाही. मनुबाईला म्हणा जरा पलीकडे सरक, आणि बसा.