वहिनीच्या नावाचं खातं

ऑनलाइन कामाचं खातं वहिनीच्या नावावर, फोटो वहिनीचा आणि काम माझं. नवऱ्याचं घर सोडून भावाकडे आले तेव्हा माझी कागदपत्रं सासरीच अडकली होती, म्हणून तिची लावली. पुढे माझी हाती आली, पण तोवर गिऱ्हाइकांनी दिलेली चार वर्षांची सगळी शाबासकी तिच्या फोटोखाली जमली होती. ती सोडून पुन्हा पहिलीत जाऊन कोण बसणार?

काम म्हणजे खुर्च्या. एका फर्निचरवाल्याचे फोटो येतात. त्यातली खुर्ची मी मागच्या भिंतीपासून सुटी करून देते. वेताची पाठ असली की जाळीचं एकेक भोक माउसनं कापायचं. मानेचा पार खुळखुळा होतो. वहिनी शिवणकाम करते. माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणते, "बाई गं, यापेक्षा माझी काजं परवडली!"

परवा त्या फर्निचरवाल्यानं कळवलं, कायमचं काम द्यायचंय, पण आधी व्हिडिओवर बोलू. खात्यावर फोटो तर वहिनीचा! शेवटी वहिनीला नीट केस विंचरून कॅमेऱ्यासमोर बसवलं आणि मी टेबलाखाली शिरले. तिनं हसायचं, उत्तरं मी खालून कुजबुजायची. बोलणं सगळ्यांनाच जेमतेम येणाऱ्या भाषेत होतं, त्यामुळे अडखळणं खपून गेलं.

"वेताची जाळी इतकी स्वच्छ कुणालाच जमत नाही," तो म्हणाला. "कशी करता?"

मी उत्तर कुजबुजले. वहिनी नुसती हसत राहिली. मी तिच्या पोटरीला चिमटा काढला. तर तिनं मला दंडाला धरून वरच ओढलं.

"मला नाही येत. हिला विचारा. सगळं हीच करते."

घास अगदी तोंडाशी आलेला, आणि बाईसाहेबांना आत्ताच खरं बोलायचं सुचावं! माझं डोकं असं तडकलं म्हणता. त्यात केसांत टेबलाखालची जळमटं.

तो आळीपाळीनं दोघींकडे बघत राहिला. मग मला म्हणाला, "तुमचं नाव?"

मी वहिनीचं नाव सांगितलं.

खोटं बोलायचं नव्हतं हो. कामाच्या ठिकाणी कुणी नाव विचारलं की तेच सांगायचं, ही सवय. माझं स्वतःचं मी तिथं कधी वापरलंच नव्हतं. वहिनीनं कपाळावर हात मारला.

"सावकाश सांगा," तो म्हणाला. तेव्हा मी माझं सांगितलं. त्यानं टाइप करून पाहिलं.

"या नावावर एकही काम दिसत नाही. कायमचं नाही देता येणार. नवं खातं उघडा, नवख्यांची चाचणी द्या, मग बघू."

वहिनी भांडायला पुढे सरसावली. मी तिला मागे ओढलं आणि त्याला "बरं" म्हटलं.

कॉल बंद झाल्यावर ती रडायला लागली. "मी वाटोळं केलं गं तुझं."

"केलंसच!" मी ओरडले, आणि तिच्याच खांद्यावर डोकं टेकून रडले. वाईट वाटलं, फार वाटलं. पण आजवरची एकूणएक शाबासकी तिच्या नावावर गेली होती. हा नकार तेवढा माझ्या नावावर आला.