जुन्या वायरींचं खोकं

बायको गेल्यावर आप्पांना घरातली एकही वस्तू सापडेना. तेव्हा त्यांच्या चिरंजीवांनी घरालाच शहाणं करून सोडायचं मनावर घेतलं. ऑफिसातून येताना काळ्यापांढऱ्या चौकटींचे स्टिकर छापून आणले.

"आप्पा, आता कोणाला काही विचारायचं कामच नाही. फोन समोर धरायचा, की उत्तर हजर!"

कपडे धुण्याच्या मशीनवर एक लागला, औषधांच्या डब्यावर एक. पाहुण्यांना इंटरनेट मिळावं म्हणून दारामागे एक लागला. पाहुणे यायचे बंद झाले होते, तो भाग वेगळा. गॅलरीतल्या कुंडीवरही एक चिकटला. फोन धरला की शेवटचं पाणी कधी घातलं ते कळायचं. बोटाने माती चाचपून हेच कळत होतं, पण बोटाला चार्जिंग लागत नाही, मग त्याला कोण विचारतो?

ती होती तेव्हा आप्पा बसल्या जागेवरून ओरडायचे, "माझा चष्मा कुठाय?"

"कपाळावर," ती स्वयंपाकघरातून सांगायची. मागे वळूनसुद्धा न बघता.

मग चिरंजीवांची गाडी माळ्याकडे वळली. सगळं सामान सारख्याच खोक्यांत भरलं गेलं. प्रत्येक खोक्यावर स्टिकर. फोन धरला की आत काय आहे आणि ते ठेवायचं की द्यायचं, ते दिसायचं. झाकण उघडायची कटकटच मिटली. जुन्या वायरी 'ठेवायच्या' झाल्या, तिचे कपडे 'द्यायचे' झाले. रविवारी एका संस्थेची गाडी येऊन ते नेणार होती.

"एवढं एक खोकं राहू दे रे," आप्पा म्हणाले.

"तुम्ही ते उघडून स्वेटर हातात घेऊन बसता, आप्पा. तब्येतीला बरं नाही ते."

"आणि त्या जुन्या वायरी? त्या तब्येतीला चांगल्या?"

"वायरी कधीतरी लागतात."

बायको परत लागण्यातली गोष्ट नव्हती.

शनिवारी दुपारी मुलगा-सून बाजारात गेली. आप्पांनी फडकं गरम पाण्यात बुडवून पिळलं. गोदामातल्या नोकरीत जन्म गेला होता, लेबल न फाडता काढणं त्यांच्या हातचा मळ होता. कपड्यांचा स्टिकर वायरींवर गेला, वायरींचा कपड्यांवर. अक्कल सगळी स्टिकरात होती, खोक्यांना काय कळतंय?

रविवारी चिरंजीवांनी ऐटीत फोन धरला, 'कपडे, द्यायचे' असं वाचलं आणि खोकं उचललं. "आईचे कपडे एवढे जड?" असं म्हणत जिना उतरले. फोन खोटं बोलत नाही, म्हणून कमरेनेच सोसलं.

संध्याकाळी सगळे चहाला बसले असताना चिरंजीवांना संस्थेतून फोन आला. कपड्यांच्या खोक्यात नुसते चार्जर आणि वायरी निघाल्या होत्या. आप्पांनी कप खाली ठेवला.

"शक्यच नाही," चिरंजीव म्हणाले. "थांबा, दाखवतोच." तरातरा जाऊन त्यांनी वायरींचं खोकं माळ्यावरून काढलं आणि जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं. मग आपला फोन कानालाच ठेवून आपल्या बायकोच्या फोनचा कॅमेरा स्टिकरवर धरला. "हे बघा. 'जुन्या वायरी, ठेवायच्या.' आमच्या वायरी आमच्या घरात, माझ्या नाकासमोर आहेत. तुमच्याकडेच कोणाचं तरी खोकं बदललंय. तुम्ही काही सिस्टिम वगैरे ठेवता की नाही?"

आप्पा खोक्याकडे बघत होते. झाकणाच्या फटीतून निळ्या स्वेटरची बाही बाहेर लोंबत होती. कोपरावर तिनेच राखाडी लोकरीने केलेलं रफू, पलीकडच्या घरातूनही दिसलं असतं. चिरंजीवांना दिसलं नाही, कारण ते फोनमध्ये बघत होते.

सुनेला दिसलं. तिने बाहीकडे पाहिलं, मग आप्पांकडे. आप्पा मान खाली घालून कपातली साखर ढवळायला लागले. त्यांच्या चहात साखर नसते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

सून उठली. तिने दोन बोटांनी बाही हळूच आत सारली आणि झाकण दाबून बसवलं.

"काय गं?" फोन ठेवत चिरंजीवांनी विचारलं.

"काही नाही. वायर बाहेर आली होती," ती म्हणाली. "हे खोकं माळ्यावर नको. आप्पांच्या कपाटात ठेवते. त्यांना लागतात वायरी."