अडीच फूट सरासरी पाणी

मी एक म्हातारा बेडूक आहे. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरं कुणी गाठा. माझं डोकं फिरलेलं आहे.

होसकोटे गावाच्या वाटेवर एका सोसायटीच्या तळ्यात माझा जन्म झाला. तेव्हा पाणी हळूहळू चढे, हळूहळू उतरे. पिल्लांना पाय फुटून त्यांच्या शेपट्या झडेपर्यंत ते टिके. साठांचे आम्ही नव्वद झालो. आमचं ओरडणं लोक कौतुकाने फोनवर गावाकडच्यांना ऐकवत.

मग पुण्याहून आलेला शुभंकर सोसायटीचा सेक्रेटरी झाला. मुलांच्या होड्यांसाठी टँकरने तळं भरायचं आणि डास झाले की पंप लावून कोरडं करायचं, असा त्याचा कारभार. पाणी आलं की आम्ही मूर्खासारखे अंडी घालायचो. पहिल्याच उपशात नव्वदांतले नऊ उरलो. पुढचं वर्ष बरं गेलं, नवांचे अठरा झालो. लगेच पुन्हा पंप लागला आणि राहिलो दोघंच, मी आणि एक मादी. चांगलं वर्ष आम्हाला दुप्पट करतं, वाईट वर्ष दहातला एकच ठेवतं. यात भरपाई कुठे होते, सांगा.

यंदा तिने अंडी घातली. पिल्लं निघाली, त्यांना मागचे पाय फुटले. तेवढ्यात शुभंकर पंप लावायला सांगत आला.

पंप चालवणारे मल्लाप्पा निपाणीकडचे. ते म्हणाले, "सर, स्वल्प थांबा की. पंधरा दिवसांत ही पोरं उड्या मारत भाईर पडत्यात बघा."

"मल्लाप्पा, माझ्याकडे वर्षभराचा डेटा आहे. ॲव्हरेज अडीच फूट पाणी असतं. बेडकांना इनफ आहे."

"ॲव्हरेज असंल सर, पण उद्या शून्य हाय न्हवं?"

"कमिटीत ठरलंय. चालू करा."

मित्रांनो, सरासरी पाण्यात कुणी पोहत नाही. जो तो आज आहे त्या पाण्यात पोहतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिल्लं चिखलात वळवळली आणि वाळून गेली. मादी पाणी शोधत गेटबाहेर पडली आणि टँकरखाली आली. शुभंकरचं कधी भलं होऊ नये, हे मी मनापासून म्हणतो.

आता तळं पुन्हा काठोकाठ भरलं आहे. मी रोज ओरडतो आणि कुणी उत्तर देत नाही. माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. एकट्या बेडकाची काळजी घेऊन काय होणार? दुसऱ्या कुठल्या तळ्यात पिल्लं दिसली, तर मल्लाप्पांनी मागितले होते तेवढे पंधरा दिवस त्यांना द्या.