नमुन्याची माती

लागवडीनंतरच्या चौथ्या वर्षी मे महिन्यात हुर्रियत काकांच्या बागेत शिरली, तेव्हा तिला निदानासाठी कोणाला काही विचारावे लागले नाही. चेरीची पाने पिवळी पडली होती. शिरा तेवढ्या हिरव्या उरल्या होत्या. चुनखडीच्या जमिनीत मुळांना लोह मिळेनासे झाले की असे होते. ताश्कंदच्या माती-प्रयोगशाळेत हे वाक्य ती वर्षातून पन्नासेक अहवालांत लिहीत असे.

या जमिनीच्या अहवालात मात्र चुनखडी जवळजवळ नव्हती. तो अहवालही तिचाच होता.

सोबिरकाकांना ती अमाकी म्हणे. वडिलांच्या मागे तिला शिकवले ते त्यांनीच. जर्दाळूची थकलेली बाग काढून चेरी लावायची ठरली, तेव्हा साऱ्या पारकेंट गावाने त्यांना महालेब या रानचेरीच्या खुंटावर, म्हणजे तिच्या मुळांवर, बांधलेली कलमे घ्यायला सांगितले होते. दगडात, चुन्यात, कोरड्यात तगणारा खुंट. पण फळाला सहा वर्षे. अमाकी तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. हुर्रियतने जात सुचवली लापिन्स, जिला परागासाठी शेजारी दुसरी जात लागत नाही. आणि खाली गिझेला हा बुटका खुंट, जो तिसऱ्या वर्षी फळ देतो. अट एकच होती: जमीन कसदार हवी. ती तशी असल्याचे नमुन्यावरून दिसत होते. चहाखान्यात अमाकींनी तो कागद प्रत्येकाच्या हातात दिला होता.

"अमाकी, नमुन्याची माती कुठून काढली होती?"

"कुठून म्हणजे? आपल्याच जमिनीतून."

"नेमकी कुठून?"

अमाकींनी टोपी मागे सारली. "परसातून. द्राक्षाच्या मांडवाखाली तुझी काकू खरबुजं लावते ना, तिथून."

"शेतातून का नाही?"

"राजधानीत जायची होती ती, पोरी. तुझ्या साहेबांच्या टेबलावर, आपल्या घरचं नाव घेऊन. तिथं काय धोंडे पाठवू? पाहुण्यापुढं आपण जळका नान ठेवतो का? चाळून, धुतलेल्या फडक्यात बांधून दिली. तुलाही सोपं जावं म्हणून."

मांडवाखालची ती माती बाहेरून आणून भरलेली होती, आणि तिच्यात तीस वर्षांचे शेणखत जिरले होते. डोंगरपायथ्याच्या शेतात सेंद्रिय अंश चार टक्के, म्हणजे शंका यावी इतका जास्त, निघाला, तेव्हा दुसरा कोणी शेतकरी असता तर हुर्रियतने नमुना पुन्हा मागवला असता. इथे मागवला नाही. आकडा तिला हवा तसाच होता.

तिने स्वयंपाकघरातून शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बाटली आणली, झाडाच्या बुंध्याजवळची पांढुरकी माती उकरली आणि तिच्यावर चार थेंब टाकले. माती फसफसली.

"हा चुना," ती म्हणाली.

अमाकी फेस विरेपर्यंत पाहत राहिले. "शिरका घरात तेव्हाही होता," ते म्हणाले.

कुंपणापलीकडून मामासोली आला. त्याची रोपवाटिका वरच्या अंगाला होती, आणि चार वर्षांपूर्वी महालेबची बाजू सर्वांत मोठ्याने त्यानेच मांडली होती.

"काय सोबिरदादा, शहरची चेरी केशरात बुडवून काढली का? रंग छान चढलाय."

"प्रयोगशाळेची चूक झाली," अमाकी म्हणाले. "यंत्र बिघडलं होतं म्हणे." आणि त्यांनी पुतणीकडे पाहिले.

यंत्र बिघडले नव्हते. ते एका वाक्यात सांगता आले असते. पण त्या अहवालात 'नमुना घेणाऱ्याचे नाव' असा रकाना होता, आणि त्यात हुर्रियतने स्वतःचे नाव लिहिले होते. ताश्कंदहून पारकेंट पन्नास किलोमीटर. ती आली नव्हती.

"हो," ती म्हणाली. "चूक प्रयोगशाळेची."

"यंत्रांचं असंच असतं, मुली," मामासोली समजूत घातल्यासारखे म्हणाला. "ही उपटून टाका. महालेबवरची कलमं शरदात देतो."

अमाकी खाली पडलेले एक पिवळे पान चिमटीत फिरवत होते. हुर्रियत शेजारीच उभी होती. प्रश्न त्यांनी मामासोलीला विचारला.

"त्यातल्या त्यात लवकर फळणारं काही असतं का रे?"

"नाही. सहा वर्षं धरून चाला."