मासळीचे हात

परशुरामने कॉम्प्युटर उघडून ठेवला की घरातल्या माणसाने श्वाससुद्धा बेताने घ्यायचा, असा कोपरीतल्या त्या घरात नियम होता. घरात माणसं तरी कितीशी! तो आणि त्याची आई मनुबाई. ती पहाटे मासळी आणायला जायची, दुपारपर्यंत बाजारात बसायची आणि संध्याकाळी मधल्या दाराशी बसून लेकाचे उद्योग कौतुकाने बघायची. लेकाने कोर्स केला होता, आणि कोर्स केलेल्या माणसाला सगळंच येतं असं तिला वाटे. लेकालाही तसंच वाटे, हीच तर पंचाईत होती.

सत्त्याण्णव सालच्या दसऱ्याच्या सुमारास त्याला पहिली ऑर्डर मिळाली. डोंबिवलीजवळ कोपरला टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या काळुराम सरांना कॉम्प्युटर हवा होता. सुटे भाग आणून परशुराम तो घरीच जोडत होता. "सर, तुमच्या मशीनमध्ये व्हायरस शिरणारच नाही, माझी गॅरंटी," असं त्याने छाती फुगवून सांगितलं होतं. सर गेल्यावर त्याने मशीनच्या सेटिंगमध्ये शिरून व्हायरस रोखणारा पर्याय मोठ्या ऐटीत चालूही करून टाकला.

दसऱ्याला मनुबाई पहाटे न्हाली, नवं लुगडं नेसली आणि पाटी, विळी, तराजू मांडून तिने पूजा केली. मग पोराचं हत्यार राहिलं म्हणत तिने कॉम्प्युटरच्या डब्यालाही हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. परशुराम तिथेच उभा राहून प्रसादाचं खोबरं खात होता. "नीट लाव, मधोमध," असं त्यानेच तिला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो विंडोज टाकायला बसला. फायली भराभर कॉपी झाल्या, पडद्यावरची पट्टी पुढे सरकत गेली आणि शेवटाशी येऊन मशीन थिजलं. पुन्हा टाकलं, पुन्हा तिथेच थिजलं. त्याने केबल बदलली, सीडी पुसली, दुसरी सीडी मागून आणली, हार्ड डिस्क नव्याने फॉरमॅट केली. डिस्क काही केल्या विंडोज घेईना. रुसलेल्या पोराने घास तोंडात घ्यावा आणि गिळायच्या वेळी थुंकून टाकावा, तसं चाललं होतं. एवढ्यात सर मशीन न्यायला दारात हजर.

"झालं का?" सरांनी विचारलं.

"तयारच होतं, सर..." परशुरामला घाम फुटला. कोर्स केलेल्या माणसाला कारण सापडत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याची नजर डब्यावरच्या हळदीच्या बोटाकडे गेली आणि तो बोलून गेला, "काय करणार? आमच्या आईने हात लावला. मासळीचे ओले हात. पूजा करायची म्हणे!"

सर हसले. "घरात असं होतंच. पुढच्या आठवड्यात येतो. पण वास नाही ना येणार मशीनला?"

परशुरामही हसला. मनुबाई मधल्या दाराशीच होती. ती उठून आत गेली.

त्या दिवसापासून तिने बाहेरच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. बाजारातून आली की मागच्या मोरीवर लिंबाच्या फोडीने हात खसाखसा घासायची आणि मागच्याच दाराने घरात यायची. लेकाचा चहा उंबरठ्यावर ठेवून "घे रे" म्हणायची. शेजारच्या मंदाकिनीने विचारलं, तेव्हा तिने सरळ सांगून टाकलं, "पोराचं मशीन मीच बिघरवलं. मना मेलीला अक्कल नाय." परशुरामने ते आतून ऐकलं. त्याला बरं वाटलं नाही, पण बाहेर येऊन तिला थांबवावं असंही त्याला वाटलं नाही.

डिस्कच गेली असणार, असं ठरवून तो ती घेऊन डोंबिवलीला तानाजीकडे गेला. तानाजी त्याच्याबरोबर कोर्सला होता. त्याने डिस्क आपल्या मशीनला लावली, विंडोज टाकलं, आणि ते बिनबोभाट चढलं.

"डिस्क एकदम ठणठणीत आहे रे," तानाजी म्हणाला. "तुझं मशीनच तिच्यावर लिहू देत नाय. सेटिंगमध्ये काय केलेलंस काय?"

"मी कशाला काय करू?" परशुराम म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला आठवलं.

डिस्कच्या अगदी पहिल्या भागावर कुणालाही लिहू द्यायचं नाही, एवढंच काम तो व्हायरस रोखणारा पर्याय करतो. आणि विंडोजला शेवटी नेमकं तिथेच लिहायचं असतं. दाराला आतून कडी त्याने स्वतःच घातली होती, आणि पाहुणा आत येत नाही म्हणून खापर मात्र आईच्या डोक्यावर फोडलं होतं. परतीच्या वाटेवर त्याचे कान लाल झाले होते.

घरी येऊन त्याने तो पर्याय बंद केला. विंडोज चढलं, पडद्यावर निळं आभाळ उगवलं. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी आपल्याला कुणी बघत तर नाही ना म्हणून त्याने दाराकडे पाहिलं, आणि असं चोरासारखं पाहिल्याची त्याला आणखीनच लाज वाटली. गप्प बसला असता तर कुणाला काही कळणार नव्हतं. आई जन्मभर लिंबाने हात घासत राहिली असती, एवढंच.

सर आले. चालतं मशीन बघून खूश झाले. मनुबाई उंबरठ्यापलीकडूनच म्हणाली, "बगा सर, या वेलेस मी जवलपन नाय आयले. पोरानं सगलं सुधारलं."

परशुरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सर, आईने काही बिघडवलं नव्हतं," तो म्हणाला. "मीच एक सेटिंग चालू करून विसरलो. कारण सापडेना, म्हणून तिचं नाव घेतलं."

सरांनी घसा खाकरला. "असू दे, असू दे," म्हणत मशीन गाडीत ठेवलं आणि निघाले. क्लाससाठी अजून मशीनं घ्यायचा विषय आधी त्यांनीच काढला होता, तो त्यांनी पुन्हा काढला नाही.

"गिराइकासमोर असं बोलाचं असतं काय?" मनुबाई चिडली. "उद्या तुना काम कोन देईल? माज्यावरच राहू द्यायचं. माजं काय जातंय?"

"आई, तू आत ये ना."

ती आली नाही. उंबरठ्यावर उभी राहून लिंबाने सोलवटलेले हात पदराला पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्या दिशी मी न्हाऊन आयलेली रे."

परशुरामला ते त्या दिवशीही ठाऊक होतं.