पाखऱ्या डावीकडचा

मी सागाची फळी बोलते आहे. प्लायवूडची नाही, सागाची! आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली माझ्या अंगावर चकचकीत स्टिकर चढवलंय आणि येणारा-जाणारा मला काहीही समजतो.

नागभीडजवळच्या एका गावात लटारूनं मला रंधा मारून पटाच्या छकड्यावर ठोकलं. शंकरपटात बैल पळवताना हाकणाऱ्याच्या बुडाखाली असते ती फळी मी. डावीकडे ठिपक्यांचा पाखऱ्या, उजवीकडे पांढरा तुफान. बैलाची बाजू ठरलेली असते. बदलली की तो अडतो. एकदा कुणा शहाण्यानं घाईत उलटे जुंपले. लटारू उतरला, "बैल माहे का तुह्या बापाचे बे?" म्हणाला आणि पट सोडून घरी आला. असा माणूस.

मग पटावर बंदी आली. बैल विकले, मी सांदीला पडले.

गेल्या वर्षी लटारूला लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. "उरलेल्या हाताले काम द्या, डोकं जागं राहील," डॉक्टर म्हणाले. मुलगा प्रवीण टीव्ही दुरुस्त करतो. त्यानं मला बाहेर काढलं, दोन भोकं पाडली, गेम पार्लरमधल्यासारखी मोठी बटणं बसवली, जुन्या कॉम्प्युटरला जोडली. डावं बटण डाव्या बैलाचं, उजवं उजव्याचं. पडद्यावर पट. दुखलं मला, पण कामासाठी दुखलं.

चित्र सुनेनं काढलं. पुनमनं पाखऱ्या-तुफान कधी पाहिले नव्हते, प्रवीण तेव्हा होस्टेलवर. जुना फोटो समोर ठेवून तिनं बैल रंगवले. माझ्यावर वर्तमानपत्र अंथरून भोकांची जागा उमटवून घेतली, प्रत्येक बटण बरोबर वशिंडावर यावं म्हणून. गुणाची पोर.

मग चित्राचं स्टिकर छापताना बॅनरच्या दुकानातला चंचल मधे आला.

"वहिनी, बैल डावीकडं पळून राह्यले. बॅनरवर तोंड उजवीकडंच पाह्यजे. नाई त माणूस मागं जाते."

"माणूस कुठी, बैल आहेत ते!"

"तेच ते," म्हणत त्यानं चित्र उलटवलं. आरशातल्यासारखं. पाखऱ्या उजवीकडे, तुफान डावीकडे. पुनमला ते आणखीच छान वाटलं.

मला लटारूसमोर ठेवलं. त्याचा चेहरा उजळला. बोट पाखऱ्यावर गेलं, मग तुफानवर, परत पाखऱ्यावर. आणि चेहरा विझला.

"दाबा न बाबा. असं, हे पाहा."

नाही दाबलं. दुसऱ्या दिवशीही नाही.

"मामाजी वळखत नाई आता काही," पुनम रडली.

"डोकंच गेलं त्याइचं," प्रवीण म्हणाला, त्याच्यासमोरच. माझ्यासमोर बोलतात तसं आता त्याच्यासमोर बोलतात. अरे, बैल उलटे जुंपलेत हे त्यालाच तर ओळखू येतंय! तुम्हां दोघांना नाही येत! पण फळीचं कोण ऐकतो?

हल्ली तो नखानं माझ्या कोपऱ्याचं स्टिकर खरवडतो. थोडं निघालंसुद्धा. मी मनात म्हणते, ओढ, लटारू, ओढ. मग कुणीतरी हात धरतं.

तुमच्यापैकी कुणी या घरी आलं, तर एवढं करा. त्याला वेडा म्हणण्याआधी विचारा, काऊन खरवडून राह्यले भाऊ? आणि फोटो शेजारी धरा. एवढंच.

आत्ता पुनम नेलकटर घेऊन त्याच्याजवळ बसली आहे. त्यानं हात मागे ओढला. तिनं हसून, लाडानं पुन्हा हातात घेतला आणि एकेक नख कापते आहे.